दारातला उपाशी

भांबुर्डीच्या पाल्याचा वास एकदा हाताला लागला की साबणानं जात नाही. कडवट, ओलसर, थोडा ओव्याकडे झुकणारा, आणि उन्हात कुस्करला तर एकदम मातीच्या पोटातून आल्यासारखा. पौषात पोपटीचं मडकं भरताना तळाशी आणि तोंडाशी हा पाला गच्च दाबतात, मध्ये वालाच्या शेंगा, आणि मग मडकं उपडं करून भोवती जाळ. त्या रविवारी संध्याकाळी गडबला माझ्या मेव्हण्याच्या शेतावर पोपटी लागणार होती, म्हणून भाचा ओंकार येताना वाटेवरच्या बांधावरून पिशवीभर पाला खुडून घेऊन आला होता. ती पिशवी आमच्या पेणच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाखाली पडून होती, खिडकीतून तिरपं ऊन वीस बाजूंच्या फाशांवर येत होतं, आणि त्या वासात बसून मी आजवर घडवलेल्यांपैकी सगळ्यांत वाईट श्वापद माझ्या पोरीसमोर आणून बसवलं. वाईट म्हणजे भयंकर या अर्थी नव्हे. भयंकर प्राणी मला जमतात. हे माझ्या हातून घडायला नको होतं, असं.

मी रोह्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. सकाळच्या गाडीनं पेणहून रोह्याला जायचं, गांडुळाची पचनसंस्था आणि बेडकाचं हृदय फळ्यावर काढायचं, दुपारच्या गाडीनं परत यायचं. अठरा वर्षं हाच क्रम, असा सरळसोट मनुष्य. माझ्यासारखा मनुष्य पन्नाशीला टेकल्यावर वहीत काल्पनिक प्राणी काढत बसतो, त्यांना किती डोळे, ते काय खातात, त्यांना कशानं राग येतो हे ठरवत बसतो, हे कळल्यावर शिक्षकांच्या खोलीत लोक हसले. हसू देत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता माझी बायको सुमन गेली. आठ दिवसांचा ताप, आणि सतरा वर्षांची सोबत संपली. गडबजवळच्या एका वाडीत ती अंगणवाडी चालवायची आणि दिवसभर पोरांशी बोलून घरी आली तरी तिचं बोलणं सरायचं नाही. भाकरी थापताना बोलायची, झोपेतसुद्धा बोलायची. आमची एकुलती एक मुलगी जुई, तेव्हा नववीत, आईच्या वळणावरच गेलेली. दोघी एकाच वेळी बोलायच्या आणि दोघींना एकमेकींचं कळायचं. मी कुरकुरायचो की या घरात वर्तमानपत्र वाचायची सोय नाही. नंतर मला हवी तेवढी सोय झाली. दहाव्याच्या दिवसापासून जुई बोलायची थांबली.

थांबली म्हणजे अगदी थांबली. अभ्यास करायची, वेणी घालायची, भात लावायची, शाळेत बाईंनी काही विचारलं तर कागदावर लिहून द्यायची. पनवेलच्या डॉक्टरांनी घसा तपासून सांगितलं, वाचा शाबूत आहे, मनाला धक्का बसलाय, वेळ द्या. वेळ द्या म्हणजे काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मी तिच्याशी बोलायचो, ती ऐकायची, मान हलवायची, आणि माझी वाक्यं त्या स्वयंपाकघरात एकटीच हिंडून परत माझ्याकडे यायची. शेजाऱ्यांच्या घरी सुना-सासवांची भांडणं चालत तेव्हा मला हेवा वाटायचा, इथवर मजल गेली होती.

ओंकार हा सुमनच्या बहिणीचा मुलगा. पुण्याला इंजिनिअरिंग करून आता रोह्याला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. आश्विनात एका रविवारी तो एक कापडी थैली घेऊन आला आणि त्यातून चित्रविचित्र बाजूंचे फासे टेबलावर ओतले. कॉलेजात असताना हा खेळ शिकलो, म्हणाला. खेळ सांगायला सोपा आहे. एक जण सूत्रधार होतो आणि एखाद्या कल्पित राज्याची गोष्ट सांगू लागतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र घेतात. वाटेत जंगल येतं, किल्ला येतो, राक्षस येतो. आपलं पात्र काय करतं, काय बोलतं ते ज्यानं त्यानं सांगायचं, आणि जमलं की फसलं हे फासा ठरवतो. जिंकणं-हरणं काही नाही. मी मनात म्हटलं, पोरखेळ आहे, पण पोरीचा वेळ जाईल. शेजारची सायली, जुईच्याच वर्गातली, तिलाही बोलावलं. तिनं राजकन्या न होता चोर व्हायचं ठरवलं, ओंकार सूत्रधार झाला, आणि जुईनं कागदावर लिहून दिलं: खंडू. निवृत्त शिपाई. एका कानानं बहिरा.

पहिले दोन तास खंडू काही बोलला नाही. दरोडेखोर आले, जुईनं फासा टाकला, आकड्यावर बोट ठेवलं. लांडगे आले, फासा, बोट. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. ओंकारच्या गोष्टीत एक पूल आला आणि पुलाखालून एक धिप्पाड राक्षस वर येऊन म्हणाला की जकात दिल्याशिवाय पलीकडे जाता येणार नाही. आणि टेबलावरून एक घोगरा, जाडा, मुद्दाम मोठा केलेला आवाज आला.

"नाय देनार. पूल काय तुज्या बापाचा हाय?"

चहा माझ्या हातावर सांडला आणि मला तो लागलाही नाही. सायली हसत सुटली, ओंकारनं बिचाऱ्यानं स्वतःला सावरून राक्षसाचं उत्तर दिलं, आणि खंडू त्याच्याशी दहा मिनिटं तावातावानं भांडला. मी नळ सोडला आणि त्या आवाजाआड उभा राहून रडलो. लाज कसली त्यात. खेळ संपल्यावर मी जुईला हाक मारली, लाडू हवा का विचारलं. तिनं मान हलवली. बोलणारा खंडू होता, जुई नव्हती.

तरी बुडत्याला काडी पुरते. ओंकारला पुढे रात्रपाळ्या लागल्या, तयारीला वेळ मिळेना, तेव्हा सूत्रधाराची वस्त्रं मी अंगावर चढवली आणि ओंकार वैद्याचं पात्र घेऊन खेळायला बसला. राक्षसांचा सगळा भार माझ्यावर आला आणि मी तो गंभीरपणे घेतला. मी सगळंच गंभीरपणे घेतो, अशी सुमनची तक्रार होती. ओंकारच्या मोबाइलवर शेकडो राक्षसांची जंत्री होती. रोह्याला जाता-येता ती वाचून काढली आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शिंगांचे, सुळ्यांचे, आग ओकणारे जेवढे म्हणून होते त्यांच्याशी एकच व्यवहार शक्य होता, मारामारी. आणि मारामारी सुरू झाली की फासे बोलतात, माणसं गप्प होतात. माझ्या कामाचा राक्षस तो, ज्याच्यावर तलवार चालत नाही आणि ज्याच्याशी बोलल्यावाचून गत्यंतर नाही. जंत्रीत असे फार थोडे होते. तेव्हा ते आपणच घडवायचे, असं मी ठरवलं.

ओंकारनं सुचवलं, आपली कोकणातली भुतं घ्या की, मुंजा आहे, हडळ आहे, चकवा आहे. मी ताडकन नाही म्हटलं. ज्या घरातून नुकतंच माणूस गेलंय त्या घरात भुतं आणायची नाहीत, एवढी अक्कल मला होती. भूत नको, प्राणी हवा. ज्याला जन्म आहे, भूक आहे, सवय आहे असा प्राणी. ज्याच्याबद्दल माझ्या विषयाला काही बोलता येईल. मेलेल्यांना या टेबलावर येऊ द्यायचं नाही, हा माझा पहिला नियम होता, आणि मी तो फार काटेकोरपणे पाळतो आहे अशी माझी समजूत होती.

शनिवारी सकाळी मी खाडीकडे जाऊ लागलो. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यावर निवट्या फुदकत असतात. मासा असून हवेत तोंड उघडून बसणारी, ना इकडची ना तिकडची जात. मिठागरांच्या बांधावर बसून तो चकाकता, कुजका-खारट वासाचा चिखल पाहता पाहता मला पहिला खरा प्राणी सुचला. पाठीवर पूल वाहणारा, डोंगराएवढा, आणि त्याची खोड अशी की कुणी त्याच्याशी बोलत असेल तेव्हाच त्याला श्वास घेता येतो. बोलणं थांबलं की तो गुदमरतो आणि पूल कलतो. त्या रविवारी खंडू वीस मिनिटं बोलला. त्या प्राण्याला त्यानं लढाईच्या थापा सांगितल्या, नाचणीची भाकरी कशी भाजायची ते सांगितलं, एका बैलाची साग्रसंगीत गोष्ट सांगितली, आणि तो अवाढव्य जीव श्वास घेत राहिला. मी समोर बसून त्या प्राण्याच्या वतीनं श्वास घेत होतो, आणि ते नाटक नव्हतं.

मग शंखातल्या खेकड्यावरून एक केला: ओसाड घरं अंगावर घालून हिंडणारा, आणि जो आपल्या घराविषयी खरं सांगेल त्याचं घर सोडून देणारा. काही साफ फसले. वटवाघळाच्या घराण्यातला एक मी तीन दिवस खपून घडवला होता, तर सायलीच्या चोरानं त्याला पोत्यात घालून दोन फाशांत निकालात काढला. काका, तुमचा राक्षस फारच भोळा, असं वर मला ऐकवलं. मी फणकारलो. पण रात्री जेवताना हसूही आलं. त्या महिन्यांत आलेलं तेवढंच.

माझ्या प्रात्यक्षिकाच्या वहीच्या मागल्या पानांवर मी खंडूची वाक्यं उतरवून ठेवत असे. पुढच्या पानांवर प्राणी, मागल्या पानांवर वाक्यं. ती वाचता वाचता एकदा नागोठण्याच्या स्टेशनात माझ्या ध्यानात आलं की खंडूची बोली कुठून आली आहे. घरात, माझ्यासमोर, अंगणवाडीच्या बैठकांत सुमन स्वच्छ पुस्तकी बोलायची. पण माहेरी, गडबच्या ओट्यावर पाय ठेवला की तिचं व्हय, नाय, हाय सुरू व्हायचं आणि आवाज एक पट्टी वर चढायचा. खंडू त्याच बोलीत बोलत होता. त्या वेळी ते कळून मला आनंदच झाला. वाटलं, पोरीनं आईला जपून ठेवलंय. जपून ठेवणं म्हणजे काय असतं, याचा विचार मी केला नाही.

मार्गशीर्षात भाताच्या मळण्या आटोपल्या, रुळांच्या दोन्ही बाजूंना वाल हिरवा झाला, आणि खंडू कमी बोलू लागला. प्राणी कितीही अचाट असला तरी तो दोन-चार शब्दांत त्याची बोळवण करायचा आणि जुई पुन्हा फाशाकडे बोट करायची. मी जास्त विचित्र प्राणी आणले. आरशातून बोलणारा आणला, सात तोंडांनी एकच प्रश्न विचारणारा आणला. दमलेल्या जादूगारासारखं वाटायचं. पोतडी रिकामी होत चाललेली आणि समोरचं मूल हसत नाही. आणि खरं सांगायचं तर मी हावरा झालो होतो. मला आता खंडूचं बोलणं पुरेना. मला माझी मुलगी हवी होती. बहिरा शिपाई नव्हे. मला तिच्या आवाजात 'बाबा' ऐकायचं होतं, मग त्यापुढे ती काहीही म्हणो.

अशा मनःस्थितीत पौषातल्या एका गुरुवारी, परतीच्या गाडीत, मला तो सुचला. त्या दिवशी वर्गात समुद्रफुलाचा धडा झाला होता. खडकाला चिकटून बसलेला, वरवर फुलासारखा दिसणारा प्राणी. कुठे जात नाही, येत नाही, समोर आलेलं हवं तर घेतो, नको तर घेत नाही. खिडकीबाहेर वालाच्या शेतांवर ऊन उतरत होतं. मी वही काढली. एक श्वापद, पेंढ्याच्या उडवीएवढं, ओल्या मातीच्या रंगाचं. एका दारात बसलेलं. त्याच्यासमोर अन्नाचं ताट. तो उपाशी आहे, पण जेवत नाही. तो दारातून हलला तरच पलीकडे जाता येईल, आणि तो हलेल कधी, तर त्याच्या मनात काय राहिलंय ते कुणी तोंडानं नेमकं बोलून दाखवेल तेव्हा. मग तो जेवेल, उठेल आणि कायमचा निघून जाईल. चुकीचं बोललात तर काही करणार नाही. नुसता बसून राहील.

सूत्रधाराची लबाडीही मी ठरवून टाकली. उत्तर लिहिलंच नाही. ओंकार आणि सायली काहीही म्हणोत, ते चूक. जुई जे म्हणेल, एक शब्द का असेना, ते बरोबर. माझ्या पोरीच्या तोंडून जे निघेल ते त्याला हवं असणार होतं. इतका अपूर्व प्राणी जगात कुणी कल्पिला नसेल, अशा आनंदात मी कासू स्टेशनातच उठून उभा राहिलो. पेण यायला अजून अवकाश होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, सर, बरं नाही का वाटत. मी म्हटलं, फार बरं वाटतंय.

आणि रविवारी मी त्याला बसवलं. एक वाटी उपडी घातली, तो प्राणी. समोर स्टीलची छोटी ताटली. कॅरमच्या सोंगट्या म्हणजे आमची पात्रं. मी त्याचं वर्णन केलं, जरा रंगवूनच केलं. ओंकारच्या वैद्यानं विचारलं, याला सोनं हवंय का. तो हलला नाही. सायलीच्या चोरानं म्हटलं, याला कुणाची तरी माफी मागायची असेल. तो हलला नाही. सायली म्हणाली, याला झोप हवी असेल, घरी जायचं असेल, कुणाला तरी भेटायचं राहिलं असेल. मी दर वेळी मान हलवत होतो आणि जुईकडे बघत होतो. ओंकारनं फासा टेबलावर ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काका, हे नको," तो म्हणाला. आणि मी का म्हणून विचारल्यावर, अगदी हळू, "काका, हा घाट हाय."

मला खरोखर कळलं नाही. मग कळलं.

भाद्रपदातली ती सकाळ. सुतकामुळे त्या वर्षी आमच्याकडे गणपती नव्हता. गावात मात्र मांडवांतून आरत्यांचा घोष चालू होता आणि त्या आवाजात आम्ही भोगावती नदीच्या घाटावर दहाव्याचा पिंड मांडून बसलो होतो. मुलीनं घाटावर येऊ नये असं कुणी म्हणालं, पण सुमनचं एकुलतं एक लेकरू, मीच तिला घेऊन गेलो होतो. पावसानं उघडीप दिली होती. उंबरावर कावळे होते, दहा-बारा तरी होते; पिंडाकडे एकही येत नव्हता. सुमनचा भाऊ, गडबचा माझा मेव्हणा, हात जोडून म्हणाला, सुमे, पोरीचं शिक्षण अडू देणार नाय. कावळा आला नाही. ओंकारची आई म्हणाली, तुझ्या माणसाला जेवायखायला कमी पडू देणार नाही. नाही आला. अंगणवाडीतल्या मदतनीस बाई म्हणाल्या, पोरांकडे मी बघेन. मी जीवशास्त्राचा शिक्षक. मला माहीत होतं की सणाचे दिवस आहेत, गावभर नैवेद्याची पानं पडली आहेत, कावळ्यांची पोटं भरलेली आहेत. तरी मीही हात जोडून म्हणालो, जुईवर कधी आवाज चढवणार नाही. दोन तास झाले. शेवटी मेव्हणा जुईपुढे वाकून म्हणाला, "गो जुई, तू तरी काय बोल. आईच्या मनात काय हाय ता तुलाच ठाव असंल." जुईनं ओठ घट्ट मिटून घेतले. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, आणि आम्ही घरी आलो. ते मिटलेले ओठ मग उघडले नाहीत.

हे सगळं मला पाठ होतं. रोज आठवत होतं. आणि तरीही त्याच प्रसंगाचे पंख उपटून, चोच काढून टाकून, समुद्रफुलाचं कातडं चढवून मी तो माझ्याच पोरीपुढे मांडला होता आणि स्वतःच्या प्रतिभेवर खूश होऊन बसलो होतो. भुतं नकोत म्हणून नाक मुरडणारा मी. माझ्या मूर्खपणाला तोड नाही असं सुमन गमतीनं म्हणायची. त्या दिवशी ते खरं ठरलं.

मी वही मिटायला गेलो. जुईनं वहीवर हात ठेवला. मग तिनं खंडूची सोंगटी उचलली, उपड्या वाटीजवळ नेली, आणि अगदी शेजारी, दारातच ठेवली. खंडू आता जाड्या आवाजात काही तरी म्हणेल म्हणून मी श्वास रोखला. आला तो आवाज खंडूचा नव्हता. बारीक होता, गंजलेला, मध्येच तुटणारा. चार महिने न वापरलेला माझ्या मुलीचा आवाज होता.

"मला माहितीये त्याला काय हवंय," ती म्हणाली. "पण मी सांगणार नाही. सांगितलं की तो जेवेल आणि जाईल."

सायली रडू लागली. जुईनं माझ्याकडे पाहिलं.

"तेव्हापण मला माहीत होतं, बाबा."

एवढंच. संध्याकाळी आम्ही गडबला गेलो. मडकं फुटलं, वाफाळत्या शेंगा केळीच्या पानावर पडल्या, जुईनं पोटभर खाल्ल्या, मामीच्या पदराला हात पुसले. बोलली नाही. त्यानंतर ती खंडूच्या आवाजातही बोललेली नाही. कुणी म्हणेल, इतक्या महिन्यांनी तुला 'बाबा' ऐकायला मिळालं. मिळालं. आणि ते ऐकून मला जगावंसं वाटेनासं झालं, हे मी कुणाला सांगू? मी समजत होतो की दुःखानं पोरीची वाचा नेली. तसं नव्हतं. तिनं आपल्या हातांनी दार लावून घेतलं होतं आणि आत आईला बसवून ठेवलं होतं. एक वाक्य चुकून सुटेल म्हणून तिनं सगळीच वाक्यं बंद केली होती. चौदा वर्षांच्या जिवानं एवढं धरून ठेवायचं, आणि मी तिला बोलतं करायला रविवारी खेळणी आणत होतो.

ओंकारकडून मेव्हण्याला हे कळलं, तेव्हा तो शेतातली कामं टाकून पेणला आला. शहाणा माणूस आहे, आणि सुमनवर त्याचा फार जीव. तो म्हणाला, भावोजी, तिला मायेनं जवळ घेऊन विचारा, सुमीची इच्छा काय होती ती कळू द्या, वर्षश्राद्धाला पुन्हा पिंड ठेवू, कावळा शिवंल. "सुटंल बिचारी," तो म्हणाला, "आनि पोरगीपन सुटंल." त्याचं म्हणणं मला पटतं. माझा कावळ्यावर विश्वास असो वा नसो, जुईचा आहे, आणि तिच्या गळ्यातला तो दगड निघायला दुसरी वाट नाही. मी बाप आहे. मी विचारायला हवं.

मी विचारलेलं नाही. तीन वेळा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. पहिल्यांदा मी स्वतःला सांगितलं, तिला घाई नको. दुसऱ्यांदा सांगितलं, तिची परीक्षा आहे. तिसऱ्यांदा सांगायला काही उरलं नाही, आणि तिथं दारात उभं असताना मला घाटावरचा तो क्षण जसा होता तसा आठवला. मी जुईवर आवाज न चढवण्याचं वचन मोठ्यानं देत होतो, उंबरावरून एक कावळा उडून पिंडाच्या दिशेनं आला होता, आणि मध्येच वळून परत गेला होता. तेव्हा सगळ्यांनी निःश्वास सोडले. मीही सोडला. फक्त माझा निःश्वास वेगळा होता. मला बरं वाटलं होतं. चारचौघांत, हात जोडलेले, आणि मनाच्या पार तळाशी मला बरं वाटलं होतं की ती अजून गेली नाही. जे माझी मुलगी उघडपणे करते आहे तेच मी चोरून करत आलो आहे, आणि माझ्या वाट्याचं मौनही तीच पाळते आहे.

माघ लागला. वाल सुकून शेंगा तडकू लागल्या. गेल्या रविवारी ओंकार आणि सायली आले, मला वाटलं होतं येणार नाहीत. टेबलावर उपडी वाटी तशीच होती. पंधरा दिवस कुणी उचलली नव्हती, जेवतानासुद्धा आम्ही ताटं तिला वळसा घालून मांडत होतो. ओंकारनं विचारलं, काका, आज कोण? सूत्रधाराला एका वाक्यात त्या श्वापदाला उठवता येतं. भूकंप आणता येतो, दुसरी वाट काढता येते, तो आपणहून जेवला असं जाहीर करता येतं. नवा प्राणी माझ्याकडे नव्हता, आणि ते वाक्य जिभेवर येऊन थांबलं.

सूत्रधाराला स्वतःचं पात्र नसतं, तसा नियमच आहे. मी डब्यातून एक काळी सोंगटी काढली. ओंकार म्हणाला, हा कोण? मी म्हटलं, हा पण इथंच राहतो. सोंगटी मी वाटीच्या दुसऱ्या अंगाला ठेवली, पण ताटली आड येत होती आणि ती नीट बसेना. जुईनं बोटानं ताटली हळूच पलीकडे सरकवली आणि मला जागा करून दिली.